मुलांना वर्गीकरण शिकवताना: पालक आणि शिक्षक वारंवार विचारतात ते प्रश्न

गेली अनेक वर्षं मी सहावी ते आठवीच्या मुलांना विज्ञान शिकवते. वर्गीकरणाचा पाठ आला की पालक आणि नवे शिक्षक तेच ते प्रश्न विचारतात. ते इथे एकत्र केले आहेत. लागणारं साहित्य स्वयंपाकघरात आणि अंगणात मिळतं. विकत आणायचंच असेल तर एक चुंबक आणा.

वस्तू आवरणं आणि वर्गीकरण करणं यांत फरक काय?

भांडी घासून मांडणीवर लावली की ती आवरली गेली. पण मुलीने सगळी भांडी खाली काढली, झाकण असलेली एकीकडे आणि नसलेली दुसरीकडे ठेवली आणि विचारल्यावर तसं सांगितलंही, तर ते वर्गीकरण झालं. फरक त्या सांगण्यात आहे. कशावरून गट केले, या प्रश्नाच्या उत्तराला आपण निकष म्हणतो. निकष एकच हवा, तो सगळ्या वस्तूंना लागू व्हायला हवा आणि दुसऱ्या कुणीही तोच निकष लावला तर तेच गट पडायला हवेत. म्हणून "सुंदर आणि कुरूप" किंवा "उपयोगी आणि निरुपयोगी" हे निकष विज्ञानात चालत नाहीत. आजीला उपयोगी वाटणारं नातवाला निरुपयोगी वाटू शकतं.

माझी एकच विनंती असते. मुलाने गट केले की "बरोबर" किंवा "चूक" म्हणण्याआधी "कशावरून केलेस?" असं विचारा. पुष्कळदा गट आपल्याला चुकीचे वाटतात, पण मुलाचा निकष पक्का असतो. तो आपल्या डोक्यातला निकष नसतो, एवढंच.

कोणत्या वयात काय जमतं?

तीन-चार वर्षांचं मूल सारख्याला सारखं जुळवतं: लाल बांगडीला लाल बांगडी. पाच-सहा वर्षांचं मूल एक निकष शेवटपर्यंत धरू शकतं. सात-आठच्या सुमारास गटाच्या पोटात गट असतो हे कळू लागतं, आणि नऊ-दहाला दोन निकष एकाच वेळी सांभाळता येतात. यात एखादं वर्ष इकडे-तिकडे होणारच. आपल्याकडे तिसरी ते पाचवी "परिसर अभ्यास" आणि सहावीपासून "सामान्य विज्ञान" अशी रचना राहिली आहे. म्हणजे पुस्तकात वर्गीकरण नावाने येतं तोवर मूल अकरा वर्षांचं झालेलं असतं. घरी त्याच्या खूप आधी सुरुवात करता येते.

माझा मुलगा लाल मणी वेगळे करायला घेतो आणि मध्येच गोल मणी वेगळे करू लागतो. त्याचं लक्ष नसतं का?

लक्ष असतं, आणि तो नीट बघतही असतो. लाल मण्यानंतर त्याने लाल गोल मणी उचलला, त्यातलं गोलपण त्याच्या नजरेत भरलं आणि पुढचा मणी त्याने गोल म्हणून घेतला. हात साखळीसारखा पुढे सरकत गेला, गट मात्र झाला नाही. लहान वयात असं सर्रास होतं. रागावू नका. प्रत्येक मणी ठेवण्याआधी त्याला मोठ्याने बोलायला सांगा: "हा लाल, इकडे. हा लाल नाही, तिकडे." निकष तोंडात असला की तो निसटत नाही.

"झेंडू जास्त की फुलं जास्त?" या प्रश्नाला मुलं हमखास चुकतात. का?

परडीत सात झेंडू आणि तीन जास्वंदी ठेवा आणि सहा वर्षांच्या मुलाला हा प्रश्न विचारा. बहुतेक मुलं "झेंडू" म्हणतात. स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी लाकडी मण्यांवर असाच प्रयोग केला होता: तपकिरी मणी जास्त की लाकडी मणी? लहान मुलं तपकिरी म्हणत. मूल झेंडूची तुलना जास्वंदीशी करतं, कारण समोर तेच दोन ढीग दिसतात. झेंडू हे झेंडूही आहेत आणि त्याच वेळी फुलंही आहेत, हे दोन्ही एकदम डोक्यात धरणं त्याला अजून जड जातं.

समजावून सांगून हे होत नाही, कामातून होतं. दोन हार करायचे आहेत असं सांगा: एक फक्त झेंडूचा आणि एक सगळ्या फुलांचा. लांब कुठला होईल? सुई-दोरा हातात आला की बऱ्याच मुलांना उत्तर दिसतं. पुढे "सगळे सस्तन प्राणी पृष्ठवंशी असतात, पण सगळे पृष्ठवंशी सस्तन नसतात" हे वाक्य कळण्यासाठी याच परडीचा उपयोग होतो.

घरी नेमकी सुरुवात कशाने करावी?

कडधान्यांनी. हा माझा सगळ्यात आवडता प्रयोग असल्यामुळे जरा सविस्तर सांगते.

हरभरा, मटकी, चवळी, मूग, शेंगदाणे, मका, गहू, ज्वारी आणि बाजरी असं मूठ-मूठभर एका ताटात मिसळा. मुलांना हवे तसे गट करू द्या. पहिल्या दिवशी रंगावरून होतील, मग आकारावरून, मग "हे मला आवडतं" यावरून. होऊ द्या. प्रत्येक वेळी निकष वहीत लिहायला लावा. रात्री सगळं वेगवेगळ्या वाट्यांत भिजत घाला. सकाळी प्रत्येक दाण्याचं साल काढून तो चिमटीत हलकेच दाबायला सांगा. हरभरा, मटकी, चवळी, मूग आणि शेंगदाणा यांचे नीट दोन भाग होतात. आपण ज्याला डाळ म्हणतो ती हीच. ज्वारी, गहू, मका किंवा बाजरी कितीही दाबली तरी चुरा होतो, दोन दळं होत नाहीत. मुलं इथे स्वतःच म्हणतात, "म्हणून ज्वारीची डाळ नसते!"

आता दोन्ही गटांतले थोडे दाणे करवंटीत माती घालून पेरा. पेरण्यापूर्वी मुलांना विचारा, पानं सारखी येतील की वेगळी? आठ-दहा दिवसांनी रोपं अलगद उपटून, मुळं धुऊन कागदावर ठेवा. दोन डाळींच्या गटातल्या पानांवर शिरांचं जाळं दिसेल आणि मुळात मधोमध एक जाड सोटमूळ असेल. ज्वारी-मक्याच्या पानात शिरा समांतर धावतात आणि मुळं झुपक्यासारखी, तंतुमय असतात. द्विबीजपत्री (दाण्यात दोन डाळी, म्हणजे दोन बीजपत्रं असलेली) आणि एकबीजपत्री (एकच बीजपत्र असलेली) हे शब्द इथे सांगा, आधी नको.

एक सूचना. या प्रयोगात तांदूळ पेरू नका. सडून पांढऱ्या केलेल्या तांदळाला मोड येत नाहीत, त्यासाठी टरफलासकट भात लागतो. आणि कुणी धणे आणले तर छानच. धणाही दोन भागांत फुटतो, पण ती बीजपत्रं नसतात. धणा म्हणजे दोन अर्ध्यांचं फळ आणि प्रत्येक अर्ध्यात स्वतंत्र बी असते. म्हणूनच कोथिंबीर पेरताना धणे आधी रगडतात.

टोमॅटो फळ की भाजी? मी मुलीला काय सांगू?

दोन्ही. मंडईत भाजी, वनस्पतिशास्त्रात फळ. फुलातल्या अंडाशयापासून तयार होतं आणि आत बिया असतात ते फळ. या अर्थाने वांगं, भेंडी, दुधी, काकडी आणि मिरची ही सगळी फळंच आहेत. आपल्या भाषेत याची जाण आधीपासून आहे. आपण वांग्या-दुधीला फळभाजी म्हणतो, गवार-घेवड्याला शेंगभाजी आणि मेथी-पालकाला पालेभाजी. झाडाचा कोणता भाग खातो यावर केलेलं हे वर्गीकरण मंडईत रोज चालतं. मुलीला पिशवी घेऊन मंडईत न्या आणि प्रत्येक भाजी झाडाचा कोणता भाग आहे ते ओळखायला सांगा. बटाट्यापाशी ती अडेल. जमिनीखालून येतो म्हणजे मूळ असणार, असं वाटतं. पण बटाट्याच्या डोळ्यांतून कोंब फुटतात, कारण ते जमिनीखालचं खोड आहे. रताळं मात्र खरंच मूळ आहे. कांद्याचे पापुद्रे म्हणजे मांसल झालेले पानांचे तळ. फ्लॉवर म्हणजे न उमललेला फुलोरा.

उपासाची यादीही अशीच उपयोगी पडते. साबुदाणा, भगर, राजगिरा, शिंगाडा, शेंगदाणे आणि बटाटा एका गटात. ज्वारी, गहू आणि तांदूळ दुसऱ्या गटात. वनस्पतिशास्त्राने गट केले तर भगर उठून ज्वारीशेजारी जाऊन बसते, कारण दोन्ही गवताच्या कुळातली. राजगिरा द्विबीजपत्री, त्यामुळे तो पलीकडच्या गटात. शेंगदाणा हरभऱ्याच्या कुळातला. आजीची यादी चुकीची नाही, तिचा निकष वेगळा आहे आणि तो तिच्या कामासाठी योग्य आहे. सातवीच्या मुलांना हे फार पटकन पटतं.

मग सगळेच निकष सारखे चांगले? विज्ञान ठरावीक निकषच का धरतं?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे आणि तो मुलांनी विचारावा यासाठीच आपली धडपड असते.

रंगावरून गट केला तर रंगापलीकडे काही कळत नाही. लाल मिरची, लाल वीट आणि लाल बस एका गटात बसतील, पण विटेबद्दल कळलेली कोणतीही गोष्ट मिरचीला लागू होणार नाही. दाण्याला दोन डाळी आहेत एवढं पाहिलं, तर न पेरताच पानातलं जाळं आणि सोटमूळ यांचा अंदाज बांधता येतो. ज्या निकषामुळे न पाहिलेल्या गोष्टींचा अंदाज बांधता येतो तो विज्ञानाच्या दृष्टीने दमदार. प्राणी पिल्लाला दूध पाजतो एवढं कळलं की त्याला केस असणार, फुफ्फुसं असणार आणि हृदयाला चार कप्पे असणार, हे न बघता सांगता येतं.

आठवी-नववीच्या मुलांना मी रशियन रसायनशास्त्रज्ञ मेंडेलीव्हची गोष्ट सांगते. 1869 साली त्याने तेव्हा माहीत असलेली साठ-पासष्ट मूलद्रव्यं गुणधर्मांनुसार मांडली आणि काही जागा रिकाम्या सोडल्या. तिथे येणारी मूलद्रव्यं सापडण्याआधीच त्याने त्यांचे गुणधर्म सांगून ठेवले. 1875 साली गॅलियम सापडलं, 1879 साली स्कँडियम आणि 1886 साली जर्मेनियम, आणि ती त्या जागांवर बसली. रिकाम्या जागेचंही वर्णन करता येतं असं हे वर्गीकरण होतं. हे ऐकताना वर्ग अगदी शांत होतो.

देवमासा मासा नाही हे मुलांना पटतच नाही. नावातच मासा आहे!

नावं वर्गीकरणासाठी ठेवलेली नसतात, लोकांनी दिसण्यावरून ठेवलेली असतात. देवमासा पाण्यात राहतो, पण हवेसाठी वर येतो, कारण त्याला कल्ले नाहीत. तो पिल्लाला दूध पाजतो. सजीवांच्या वर्गीकरणाचा पाया घालणाऱ्या खुद्द लिनियसनेही 1735 साली आपल्या पुस्तकात देवमाशांना माशांत घातलं होतं. त्याच पुस्तकाच्या 1758 च्या आवृत्तीत त्याने त्यांना सस्तन प्राण्यांत हलवलं. मुलं चुकतात तेव्हा ती लिनियसच्याच वाटेवर असतात, हे त्यांना जरूर सांगा.

फसव्या नावांची यादी करायला मुलांना फार आवडतं. पाणमांजर आणि उदमांजर मांजरं नाहीत. कोकणात आढळणारं खवले मांजरही मांजर नाही. अंगावर सरड्यासारखे खवले असूनही ते सस्तन आहे, आणि ते खवले आपल्या नखांसारखेच केराटिनचे असतात. पाणघोडा घोडा नाही, समुद्रघोडा मात्र खरोखर मासा आहे. तारामासा मासा नाही. सापसुरळी साप नाही, ती पापण्या मिटते आणि सापाला पापण्या नसतात. कोळी कीटक नाही, त्याचे आठ पाय मोजून बघा.

सजीव-निर्जीव सोपं आहे ना? पहिलीतच होऊन जातं.

दिसतं तेवढं सोपं नाही. "हालचाल करतो तो सजीव" असं शिकवलं की मुलं ढग, नदी आणि बस सजीवांत टाकतात. "वाढतो तो सजीव" म्हटलं तर ज्योतही वाढते. एकच लक्षण पुरत नाही. पोषण, श्वसन, वाढ, उत्सर्जन, प्रतिसाद आणि प्रजनन ही लक्षणं एकत्र पाहावी लागतात. उलट बाजूला बी असते. कोरडा हरभरा बहुतेक मुलं निर्जीव म्हणतात. वाद घालू नका, मोड आणून दाखवा. लाकडी पट्टी, लोकरीचा स्वेटर, शंख यांच्यासाठी तिसरा गट करू द्या: "कधीतरी सजीवाचा भाग होतं ते." हा तिसरा गट मुलांनी स्वतः मागितला तर त्या दिवशीचा तास सार्थकी लागला असं मी मानते.

चुंबकाला चिकटतो तो धातू, असं सांगितलं तर चालेल का?

नाही. तांब्याचा तांब्या, पितळी घंटी आणि अॅल्युमिनियमचं पातेलं चिकटत नाहीत. स्टीलच्या भांड्यांची तर गंमतच आहे: काही चिकटतात, काही नाही, कारण स्टील अनेक प्रकारचं असतं. आपली सध्याची एक-दोन रुपयांची नाणी चिकटतात. घरभर चुंबक फिरवून मुलांना दोन नव्हे, तीन गट करू द्या: चिकटणारे धातू, न चिकटणारे धातू आणि धातू नसलेल्या वस्तू. मोबाईलपासून चुंबक लांब ठेवा.

रवा आणि साखर ओतता येते. मूल त्यांना द्रव म्हणतं. काय सांगावं?

भिंगातून एक कण दाखवा. प्रत्येक कणाला स्वतःचा आकार आहे, वाटी बदलली तरी तो बदलत नाही. शिवाय रवा ओतला की ढीग होतो, पाणी ओतलं की ढीग होत नाही. हे पुरतं.

शिष्यवृत्ती परीक्षेत "गटात न बसणारे पद ओळखा" असतं. माझ्या मुलाचं उत्तर वेगळं येतं.

कावळा, चिमणी, वटवाघूळ, पोपट. अपेक्षित उत्तर वटवाघूळ. एका मुलाने पोपट लिहिलं होतं. विचारलं तर म्हणाला, "बाई, बाकीचे काळे-तपकिरी आहेत." त्याचा तर्क खरा होता, निकष मात्र हलका. परीक्षेपुरतं मुलांना एवढं सांगा: उरलेल्या तिघांना एका नावाने हाक मारता येते का ते पाहा. कावळा, चिमणी, पोपट म्हणजे पक्षी. काळ्या-तपकिरी प्राण्यांना असं नाव नाही.

घरी मात्र याच प्रश्नाचा उलटा खेळ करा. चार शब्द द्या आणि प्रत्येक शब्द गटाबाहेर कसा ठरेल ते शोधायला सांगा. मग कुठलं कारण सगळ्यात दमदार यावर भांडू द्या. परीक्षेची तयारी यातच होते आणि मुलाचा विचारही दडपला जात नाही.

गटात बसतच नाही अशा गोष्टींचं काय करायचं?

त्या जपून ठेवायच्या. ऑस्ट्रेलियातला प्लॅटिपस हा प्राणी दूध पाजतो आणि अंडीही घालतो. 1799 साली त्याचं वाळलेलं कातडं इंग्लंडमध्ये पोचलं तेव्हा कुणीतरी बदकाची चोच शिवून बसवली असावी अशी शंका आली होती. पण इतक्या लांब जायला नको. जळगावच्या बागांतली केळ "झाड" वाटते, पण तिचा बुंधा म्हणजे पानांच्या तळांची घट्ट गुंडाळी असते, त्यात लाकूड नसतं. बांबू गवत आहे.

आणि उंबर! "उंबराचं फूल" म्हणजे कधीच न दिसणारी गोष्ट, असं आपण म्हणतो. मुलंही उंबराला बिनफुलांच्या वनस्पतींत टाकतात. एक कच्चं उंबर आडवं कापा आणि भिंग द्या. आत शेकडो बारीक फुलं असतात, आणि बहुतेकदा चिलटाएवढे किडेही, जे परागीभवन करतात. वड-पिंपळाचंही तसंच.

पानं ओळखण्याची किल्ली कशी तयार करायची?

होय-नाही प्रश्नांची साखळी. आंबा, पिंपळ, कडुनिंब, आपटा आणि केळ यांची पानं घ्या. शिरा समांतर आहेत? होय, तर केळ. नाही, तर एका देठावर अनेक पर्णिका (छोटी पानं) आहेत? होय, तर कडुनिंब. नाही, तर टोक दोन भागांत विभागलं आहे? होय, तर आपटा. नाही, तर टोक शेपटीसारखं लांब आहे? होय, तर पिंपळ. नाही, तर आंबा. मुलांनी केलेली किल्ली दुसऱ्या गटाला वापरायला द्या. "पान मोठं आहे का?" असा प्रश्न असला की ती तिथेच अडते, आणि मग मुलं पट्टी घेऊन "वीतभर" किंवा "10 सेंटिमीटरपेक्षा लांब" असं लिहू लागतात.

शास्त्रज्ञच गट बदलत राहतात. मग मुलांनी पाठ का करायचं?

अमेरिकी शास्त्रज्ञ व्हिटाकरने 1969 साली सजीवांच्या पाच सृष्टी, म्हणजे पाच मोठे गट मांडले आणि तोवर अनेकांनी वनस्पतींत धरलेली भूछत्रं कवक म्हणून वेगळी झाली. प्लूटो 2006 साली ग्रहांच्या यादीतून निघाला. नवी माहिती आली की निकष तपासावा लागतो. गटांची नावं लक्षात ठेवायलाच हवीत, पण नावाशेजारी निकषही लिहिलेला असू द्या. गट बदलला तर का बदलला, हे तरच कळेल.

मुलगा सतत लाल आणि हिरवे मणी एकत्र टाकतो.

डोळे तपासून घ्या. लाल-हिरव्यात फरक न दिसणं मुलग्यांमध्ये जास्त आढळतं आणि ते आळसाचं लक्षण नाही. तोवर आकार, पोत, वास आणि आवाज यांवर खेळ घ्या. ज्या मुलांना दिसत नाही त्यांच्यासह हे खेळ छान रंगतात: जिरं, ओवा, बडीशेप आणि मोहरी डोळे मिटून ओळखताना पुष्कळदा तीच मुलं पुढे असतात.

बिया आणि पानं गोळा करताना काय टाळावं?

चंद्रज्योत, एरंड, गुंज, धोतरा आणि कण्हेर. या सगळ्या विषारी आहेत. गुंज दिसायला इतकी देखणी की मुलं ती हमखास खिशात घालतात, आणि चंद्रज्योतीच्या बिया शेंगदाण्यासारख्या समजून मुलांनी खाल्ल्याचे प्रकार आपल्या राज्यात घडलेले आहेत. गोळा करायला निघण्याआधी या बिया लांबून दाखवा आणि नावं सांगा. खाल्ल्याची नुसती शंका आली तरी घरगुती उपाय करत बसू नका, बी सोबत घेऊन लगेच दवाखाना गाठा. खाजकुयलीच्या शेंगांना हात लावू देऊ नका. तीन वर्षांखालच्या मुलांना मणी आणि दाणे देऊच नका, ते नाका-कानात जातात. त्यांच्यासाठी चमचे, वाट्या आणि मोजे पुरेत. किडे असतील तिथेच बघा, बरणीत भरून घरी आणू नका. आणि प्रयोग झाल्यावर साबणाने हात धुवा.